वीज आली कुठून? ‘फुकट ऊर्जे’च्या यंत्रांचा हिशेब

नागपुरात मे महिन्याचे वीजबिल जूनमध्ये हातात पडते आणि दरवर्षी त्याच सुमारास मोबाइलवर एक चित्रफीत फिरू लागते. कुणीतरी एका शेडमध्ये मोटर, जाडजूड चाक आणि अल्टरनेटर (फिरवला की वीज देणारे यंत्र) जोडलेला असतो, मुख्य वायर काढून टाकली तरी दिव्यांची रांग उजळलेली राहते आणि खाली लिहिलेले असते की इंधनाशिवाय, उन्हाशिवाय, आयुष्यभर फुकट वीज. कधी ते यंत्र पाण्यावर चालते, कधी चुंबकांवर, कधी ‘विश्वातील ऊर्जे’वर. काही वेळा तर त्याची एजन्सी घेण्यासाठी अनामत रक्कमही मागितली जाते.

अशा दाव्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांना भोळे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे आहे. ४५ अंशांच्या वर पारा गेलेल्या शहरात कूलर किंवा एसी ही चैनीची वस्तू राहत नाही; म्हातारी माणसे आणि तान्ही मुले असलेल्या घरात ती गरज असते. विदर्भातल्या शेतकऱ्याला पंपाच्या विजेची पाळी रात्री येते, तेव्हा साप-विंचवांची आणि रानडुकरांची भीती मनात ठेवून त्याला अंधारात ओलित करावे लागते. कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या परिसरातील गावांना विजेची किंमत आणखी वेगळ्या प्रकारे ठाऊक आहे. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज तयार करण्यासाठी साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो आणि त्या कोळशाचा मोठा हिस्सा राख म्हणून मागे उरतो. २०२२ च्या जुलैमध्ये कोराडी प्रकल्पाच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला, तेव्हा ती राख शेतांत आणि ओढ्यांत उतरली होती. स्वस्त, स्वच्छ, सर्वांना पुरेल अशी वीज मिळावी ही आशा इतकी रास्त आहे की तिच्या नावावर केलेला प्रत्येक दावा नीट तपासला गेला पाहिजे. तो कसा तपासायचा, हे कळायला फार गणित लागत नाही.

आधी ‘युनिट’ म्हणजे किती, याचा अंदाज घेऊ. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट खर्च होते. एक टन वजन सरळ वर उचलत नेले, तर एक युनिट ऊर्जेत ते सुमारे ३६७ मीटर उंच जाईल. धडधाकट माणूस दिवसभर श्रम करतो तेव्हा त्याचे शरीर सरासरी ७५ वॅटच्या आसपास काम देते, म्हणजे आठ तासांच्या घामाचे मोल जेमतेम ०.६ युनिट भरते. जी ऊर्जा आपण काही रुपयांत विकत घेतो, ती माणसाच्या पूर्ण दिवसाच्या कष्टाहून अधिक असते. म्हणूनच वजने खाली सोडून, पायडल मारून किंवा रस्त्यावरच्या गतिरोधकावरून गाड्या नेऊन अख्ख्या घराची वीज मिळेल असे कुणी सांगितले, तर हिशेब तिथेच अडखळतो. अशा युक्त्यांमधून ऊर्जा मिळते हे खरे, पण ती दिवा लावण्यापुरती असते.

आता मुख्य नियम. ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. ती फक्त एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते. १८४० च्या दशकात मायर, ज्यूल आणि हेल्महोल्ट्झ यांनी वेगवेगळ्या वाटांनी हा नियम मांडला. ज्यूलने खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली पाती फिरवली आणि पाणी किती तापते ते अत्यंत बारकाईने मोजले. पुढे १९१८ साली एमी नोएथर या गणितज्ञ विदुषीने दाखवून दिले की निसर्गाचे नियम काल होते तेच आज आहेत, या एका गोष्टीतूनच ऊर्जेची अक्षय्यता निष्पन्न होते. म्हणजे हा नियम काही शास्त्रज्ञांचा हट्ट नाही. तो मोडायचा तर भौतिकशास्त्राचा पायाच हलवावा लागेल. पायाही हलू शकतो, विज्ञानात तसे घडले आहे. पण त्यासाठी लागणारा पुरावाही तेवढाच भक्कम असावा लागतो.

नियम माहीत होण्याच्या कितीतरी आधीपासून माणूस कायम फिरणाऱ्या चाकाच्या मागे आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी पाऱ्याने अर्धवट भरलेल्या पोकळ आऱ्यांच्या चाकाचे वर्णन केले; पारा एका बाजूला वाहत राहील आणि चाक आपोआप फिरत राहील, अशी ती कल्पना होती. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांच्या नातवाने स्थापन केलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, म्हणजे ही कहाणी आपल्या अंगणातलीही आहे. युरोपात अशा चाकांचे इतके प्रस्ताव येऊ लागले की पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ साली ठराव करून ते तपासणेच बंद केले. भास्कराचार्यांच्या प्रतिभेला त्या चाकाने उणेपणा येत नाही, कारण त्यांच्या काळी ऊर्जा मोजण्याची भाषाच नव्हती.

मात्र एक गोष्ट इथे स्पष्ट केली पाहिजे, कारण अनेक दावेदार नेमका तिचाच आधार घेतात. घेतलेल्या विजेपेक्षा कितीतरी जास्त काम करणारी यंत्रे खरोखर असतात, आणि त्यातले एक नागपूरच्या घराघरांत आहे. वाळ्याच्या ताट्या लावलेला मोठा कूलर घ्या. पंखा आणि पाण्याचा पंप मिळून तो सुमारे २०० वॅट वीज घेतो, म्हणजे तासाला ०.२ युनिट. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी असा कूलर तासाला दहाएक लिटर पाणी सहज पितो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६७ युनिट उष्णता लागते आणि ती उष्णता ताट्यांतून येणाऱ्या तप्त हवेतून घेतली जाते. दहा लिटर पाण्याने हवेतून जवळजवळ ६.७ युनिट उष्णता शोषली, आणि आपण वीज खर्च केली ०.२ युनिट. तेहतीसपट लाभ! कुणी हे आकडे एवढेच दाखवले, तर ऊर्जेचा नियम कूलरने मोडला असेच वाटेल.

नियम मोडलेला नाही. हवेतली उष्णता कुठे गेली, तर ती वाफेच्या रूपाने त्याच हवेत दडून बसली. कूलरने उष्णता निर्माण केली नाही की नष्ट केली नाही. मोटरने फक्त हवा आणि पाणी हलवले, आणि खरे काम केले ते नागपूरच्या हवेच्या कोरडेपणाने. म्हणून मृगाचा पाऊस बरसला की तोच कूलर, त्याच मोटरवर, तेवढीच वीज खाऊन नुसती दमट हवा फेकू लागतो, आणि मुंबईत तर तो उन्हाळ्यातही निरुपयोगी ठरतो. दीड टनाच्या एसीचेही असेच आहे. तो दीड किलोवॅटच्या आसपास वीज घेऊन खोलीतली पाच किलोवॅटहून अधिक उष्णता बाहेर फेकतो, कारण तो उष्णता उपसण्याचे काम करतो. पाणी तापवणारे हीट पंपही एका युनिटमध्ये तीन युनिटांची उष्णता देतात. उरलेली दोन ते बाहेरच्या हवेतून ओढून आणतात.

तेव्हा एखादे यंत्र घेतल्यापेक्षा जास्त देते, एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही. विचारायचा प्रश्न असा असतो की जास्तीचे आले कुठून. कूलरपाशी उत्तर आहे, एसीपाशी आहे, सौर पॅनेलपाशी आहे, पवनचक्कीपाशी आहे. प्रत्येक खऱ्या यंत्राला हा स्रोत सांगता येतो आणि तो स्रोत बंद केला की यंत्र थांबते, हेही दाखवता येते. पाण्याचा शिडकावा बंद केला की कूलर थंडावा देत नाही. ‘विश्वातील ऊर्जे’वर चालणाऱ्या यंत्राबाबत असे काय बंद करून पाहायचे, हे सांगणारा दावेदार माझ्या पाहण्यात आलेला नाही.

आता त्या चित्रफितीतल्या यंत्राकडे वळू. मोटर चाक फिरवते, चाक अल्टरनेटर फिरवते, अल्टरनेटरची वीज पुन्हा मोटरला मिळते आणि उरलेल्या विजेवर दिवे लागतात, असा दावा असतो. चांगली मोटर घेतलेल्या विजेपैकी ८५ टक्के फिरण्यात उतरवते. बाकीची मोटरच्या अंगावर हात ठेवला की उष्णतेच्या रूपात जाणवते. पट्ट्यातून ९५ टक्के पुढे जाते. लहान अल्टरनेटर फार तर ८० टक्के परत विजेत बदलतो. तिन्हींचा गुणाकार केला तर १०० पैकी सुमारे ६५ हाती येतात. ते ६५ पुन्हा मोटरला दिले की ४२, मग २७. काही फेऱ्यांत सारे संपते, आणि हे दिवे न जोडता. चाक कितीही जड केले तरी या गुणाकारात फरक पडत नाही, कारण चाक ऊर्जा साठवते, तयार करत नाही.

मग दिवे लागतात कसे? त्याचेही उत्तर त्या चाकातच आहे. ५० किलो वजनाचे, ३० सेंटिमीटर त्रिज्येचे भरीव लोखंडी चाक मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर त्यात सुमारे २७,७०० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण तो एका युनिटच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. तरीसुद्धा ९ वॅटचे दहा एलईडी दिवे जवळजवळ पाच मिनिटे पेटते ठेवायला तेवढी ऊर्जा पुरू शकते. घर्षणात काही गेली तरी दोन-तीन मिनिटे तरी निघतात. चित्रफीत तेवढीच असते. दाखवणारा माणूस लबाड असलाच पाहिजे असे नाही. वायर काढल्यावरही दिवे लागलेले पाहून त्याचा स्वतःचाच प्रामाणिक समज होऊ शकतो की आपल्याला काहीतरी सापडले आहे. त्याने कॅमेरा बंद न करता अर्धा तास वाट पाहिली असती, तर चाकानेच त्याला उत्तर दिले असते.

पाण्यावर चालणाऱ्या इंजिनाची गोष्ट त्याहून सरळ आहे. हायड्रोजन जळतो तेव्हा ऊर्जा बाहेर पडते आणि पाणी तयार होते. म्हणजे लाकडाची राख तसे हायड्रोजनचे पाणी. ते पुन्हा जळण्याजोगे करायचे तर जळताना निघालेली ऊर्जा सगळी परत द्यावी लागते, शिवाय वरखर्च वेगळा. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३९ युनिट ऊर्जा असते आणि पाण्यातून तो काढायला आजच्या यंत्रांना ५० युनिटांहून अधिक वीज लागते. हायड्रोजनला भवितव्य आहे, पण सूर्याची किंवा वाऱ्याची वीज साठवण्याचे साधन म्हणून. आपल्याकडे १९९६ साली तमिळनाडूतील रामर पिल्लै यांनी वनस्पतींपासून पेट्रोल तयार करण्याचा दावा केला, तेव्हा देशभर आनंदाची लाट उसळली होती. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात ते इंधन म्हणजे पेट्रोलियमजन्य रसायनांचे मिश्रण असल्याचे समोर आले आणि २०१६ साली चेन्नईच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली. दावा आणि निकाल यांच्यात वीस वर्षे गेली.

बाजारातला ‘पॉवर सेव्हर’ हा याच कुळातला, पण लहान दावा आहे. प्लगमध्ये खोचायचा हा प्लास्टिकचा डबा बिल तीस-चाळीस टक्क्यांनी कमी करतो, असे सांगितले जाते. त्याचे स्क्रू काढून आत पाहिले तर सहसा एक छोटा कपॅसिटर, दोन-चार डायोड आणि रोधक, आणि बाहेर हिरवा उजेड दाखवणारा दिवा एवढेच सापडते. कपॅसिटरने ‘पॉवर फॅक्टर’, म्हणजे घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाला लागणारा वाटा, सुधारतो, हे शास्त्रीय सत्य आहे, आणि ज्यांचे बिल केव्हीएएच या मापाने येते अशा मोठ्या औद्योगिक ग्राहकांना त्याचा फायदाही होतो. पण घरगुती मीटर प्रत्यक्ष खर्च झालेली युनिटेच मोजतो. त्याला पॉवर फॅक्टरशी देणेघेणे नसते. एका ठिकाणचे खरे शास्त्र उचलून दुसऱ्या ठिकाणी लावले की किती पटणारा दावा तयार होतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

मोठ्या दाव्यांचा इतिहास पाहिला तर एकच जागा पुन्हा पुन्हा समोर येते, आणि ती म्हणजे मोजमाप. फिलाडेल्फियाच्या जॉन कीली यांनी १८७२ पासून जवळपास पाव शतक एका गूढ शक्तीवर चालणाऱ्या यंत्रासाठी भागभांडवल गोळा केले. १८९८ साली त्यांचा मृत्यू झाल्यावर प्रयोगशाळेच्या जमिनीखाली दाबाखालची हवा साठवण्याचा धातूचा प्रचंड गोळा आणि नळ्या सापडल्या. डब्लिनच्या स्टीऑर्न कंपनीने २००६ साली जाहिरात देऊन शास्त्रज्ञांनाच आपले चुंबकीय यंत्र तपासण्याचे आव्हान दिले. २००७ मध्ये लंडनला होणारे जाहीर प्रात्यक्षिक प्रकाशझोतांच्या उष्णतेने बेअरिंग बिघडल्याचे सांगून रद्द झाले, आणि कंपनीनेच निवडलेल्या परीक्षक मंडळाने २००९ मध्ये एकमताने कळवले की ऊर्जानिर्मिती दाखवली गेलेली नाही.

इटलीतील आंद्रेआ रोस्सी यांचे ‘ई-कॅट’ यंत्र अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण तिथे वाद एका अशा गोष्टीभोवती फिरला जी आपल्या स्वयंपाकघरातही घडते. जानेवारी २०११ मध्ये बोलोन्या येथे त्यांनी दाखवले की निकेल आणि हायड्रोजन असलेल्या छोट्या यंत्रात पाणी सोडले की दुसऱ्या टोकाने वाफ येते, आणि त्या वाफेत घेतलेल्या विजेच्या कित्येक पट उष्णता आहे. ती उष्णता मोजताना सगळे पाणी कोरड्या वाफेत बदलले असे धरले होते. एक किलो पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. पण त्याच १०० अंशांच्या पाण्याची वाफ करायला आणखी २,२५७ किलोज्यूल लागतात. वाफेबरोबर पाण्याचे थेंब उडत असतील आणि आपण ते सगळे वाफच मानले, तर हिशेबात उष्णता थेट आठपटीपर्यंत फुगू शकते. तापमापक दोन्ही वेळी १०० च्या आसपासच दाखवील. टीकाकारांचा मुख्य आक्षेप हाच होता. पुढे एका अमेरिकी कंपनीशी रोस्सींचा करार झाला, फ्लोरिडात वर्षभर चाचणी झाली, पैशांवरून खटला उभा राहिला आणि २०१७ मध्ये तो तडजोडीने मिटला. यंत्र खरे आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयाने सोडवला नाही, आणि स्वतंत्र प्रयोगशाळांनी मान्य केलेला पुरावाही पुढे आला नाही.

हिशेबाची सीमा कुठे आखली आहे, हे पाहण्याची सवय खऱ्या विज्ञानाच्या बातम्यांसाठीही लागते. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लेझरच्या २.०५ मेगाज्यूल ऊर्जेने हायड्रोजनच्या गोळीत अणुसंमीलन (हलकी अणुकेंद्रके जुळून ऊर्जा बाहेर पडणे) घडले आणि ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा बाहेर आली. हा ऐतिहासिक प्रयोग होता आणि त्याचा आनंद रास्तच होता. मात्र ते लेझर चालवण्यासाठी वीजजाळ्यातून सुमारे ३०० मेगाज्यूल घ्यावे लागले होते. गोळीभोवती सीमा आखली तर नफा, भिंतीवरच्या प्लगपाशी आखली तर मोठा तोटा. तिथल्या शास्त्रज्ञांनी हे दोन्ही आकडे लपवले नाहीत, आणि विश्वास ठेवण्याजोग्या माणसाची ओळख मला इथे पटते.

आशा आणि शंका यांची सर्वांत हृद्य कहाणी मात्र ‘शीत संमीलना’ची आहे. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील यूटा विद्यापीठात स्टॅन्ली पॉन्स आणि मार्टिन फ्लाइशमन या रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितले की जड पाण्यात (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड प्रकार असतो) पॅलेडियम या धातूची कांडी ठेवून वीज सोडली, तर साध्या तापमानाला अणुसंमीलनाची उष्णता मिळते. हे दोघे भोंदू नव्हते. फ्लाइशमन तर विद्युत-रसायनशास्त्रातले मोठे नाव होते. जगभरच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्याच वर्षी अनेक गटांनी प्रयोग केले आणि न्यूट्रॉन व ट्रिटियम या संमीलनाच्या खुणा आढळल्याची नोंद काहींनी केली. पण बहुतेक नामांकित प्रयोगशाळांना ती जादा उष्णता सापडली नाही, आणि ज्यांना सापडली त्यांना ती हमखास पुन्हा दाखवता आली नाही. शिवाय एक अडचण मुळातली होती. नेहमीच्या प्रकारच्या संमीलनातून एक वॅट उष्णता निघत असेल, तर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडायला हवेत, आणि असा मारा जवळच्या माणसाला जीवघेणा ठरतो. प्रयोग करणारी माणसे त्या काचपात्राशेजारी सुखरूप उभी होती.

एवढे होऊनही विज्ञानाने तो दरवाजा खिळे ठोकून बंद केला नाही. गूगलच्या अर्थसाहाय्याने सुमारे ३० संशोधकांनी काही वर्षे पुन्हा काळजीपूर्वक प्रयोग केले आणि २०१९ मध्ये जाहीर केले की शीत संमीलनाचा पुरावा मिळाला नाही, मात्र पॅलेडियममध्ये हायड्रोजन कसा शिरतो याबद्दल उपयोगी ज्ञान मिळाले. २०२३ मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याच्या संस्थेने या क्षेत्रातल्या आठ प्रकल्पांना मिळून एक कोटी डॉलर दिले. आशेला पैसा द्यावा, पण मोजण्यासाठी द्यावा, ही रीत मला योग्य वाटते. गुंतवणूकदाराकडून आधी विक्रीचे पैसे घ्यायचे आणि मोजणी ‘पेटंट मिळाल्यावर’ करायची, ही रीत नेमकी उलटी आहे.

तर मग उद्या नागपुरात कुणी असे यंत्र घेऊन आले, तर त्याची निर्णायक परीक्षा कशी घ्यावी? यंत्र उघडून आतले गुपित पाहण्याची मुळीच गरज नाही, त्यामुळे ‘माझी कल्पना चोरतील’ हे कारणही उरत नाही. यंत्राचे वजन करा. समजा ते दहा किलो भरले आणि एक किलोवॅट वीज सतत देते असा दावा आहे. चांगल्या लिथियम बॅटरीत किलोमागे सुमारे ०.२ युनिट साठतात, म्हणजे आत बॅटरी दडवलेली असेल तर दोन तासांत ती संपेल. आत डिझेल किंवा पेट्रोल भरले असे धरले, तरी किलोमागे सुमारे १२ युनिट, म्हणजे जास्तीत जास्त १२० युनिट. एक किलोवॅटने चालणारे यंत्र पाच दिवस-रात्र चालले की १२० युनिट होतात. तेव्हा ते लाकडी टेबलावर, कुठल्याही तारेशिवाय, सीलबंद खोलीत, सहा-सात दिवस त्रयस्थ माणसांच्या पहाऱ्यात चालू द्यावे. तेवढे ते चालले, तर बॅटरी आणि पेट्रोल हे दोन्ही संशय आपोआप गळून पडतात, आणि मग जगातल्या कोणत्याही भौतिकशास्त्रज्ञाला नागपूरचे तिकीट काढावेसे वाटेल.

बाहेर येणारी वीज मोजायलाही महागडे उपकरण लागत नाही. उलट, स्वस्त क्लॅम्प मीटर अशा यंत्रांच्या वेड्यावाकड्या लहरींवर चुकीचे आकडे दाखवतो आणि त्यातून पुष्कळ गैरसमज जन्मतात. त्याऐवजी उन्हाळ्यात पाणी साठवायचा दोनशे लिटरचा ड्रम घ्यावा, त्याला गोणपाटात गुंडाळावे, आत हीटरची कांडी सोडावी आणि तापमापक लावावा. दोनशे लिटर पाणी ३० अंशांवरून ६५ अंशांवर गेले, तर त्यात ८.१ युनिट उष्णता शिरली, हे शाळेतल्या पुस्तकावरून काढता येते. काही उष्णता बाहेर झिरपेल, पण फसवणुकीला वाव राहत नाही, कारण पाणी तापले की नाही हे हात घालूनही कळते. ज्यूलने केले तेच हे. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेसारखी प्रयोगशाळा असलेल्या शहरात ही चाचणी करून घेणे अवघड नाही. दावेदार या साध्या चाचणीला तयार नसेल आणि तरीही अनामत मागत असेल, तर पैसे देऊ नयेत.

स्वस्त ऊर्जा खरोखर आली तेव्हा ती कशी आली, हेही पाहण्याजोगे आहे. निळा प्रकाश देणारा एलईडी ही १९९० च्या दशकाच्या आरंभीची जपानी संशोधकांची कामगिरी; तिच्यासाठी २०१४ चे नोबेल मिळाले. आपल्याकडे सरकारी खरेदीत एका एलईडी दिव्याचा भाव २०१४ मध्ये ३१० रुपये होता, तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर उतरला. साठ वॅटच्या जुन्या बल्बचे काम नऊ वॅटमध्ये होऊ लागले. पंख्याचेही तसेच झाले. ७५ वॅटच्या जागी ३० ते ३५ वॅटचे पंखे आले. सौर विजेचे दर २०१० च्या पहिल्या मोठ्या लिलावांत युनिटमागे १० ते १२ रुपयांच्या घरात होते. २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे २ रुपये ४४ पैशांची बोली लागली. या प्रत्येक वेळी ऊर्जा कुठून येते हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, आणि भाव कमी झाला तो हजारो कारखान्यांतल्या बारीक सुधारणांनी.

आज नागपुरातल्या गच्चीवर एक किलोवॅटचे पॅनेल बसवले तर सरासरी रोज चार युनिट मिळतात. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. दोन किलोवॅटमध्ये मध्यम कुटुंबाची महिन्याची दोनशे-सव्वादोनशे युनिटांची गरज जवळपास भागते. इथेही मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले की त्याची क्षमता १२ ते १५ टक्के घटते, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात ऊन भरपूर असूनही वीज अपेक्षेइतकी मिळत नाही. आणि रात्रीची वीज अजूनही मुख्यतः कोळशाचीच असते. विक्रेता या दोन गोष्टी आपणहून सांगतो का, यावरूनही त्याची पारख होते.

शेवटी त्या मुलांविषयी, ज्यांची छायाचित्रे ‘इंधनाविना वीज’ अशा मथळ्याखाली छापली जातात. तंत्रनिकेतनातला एखादा विद्यार्थी भंगारातून मोटर, चाक आणि अल्टरनेटर जमवून यंत्र उभे करतो तेव्हा त्याची हेटाळणी करू नये आणि त्याला शास्त्रज्ञ म्हणून हारही घालू नयेत. त्याच्या शिक्षकांनी त्याला दोन मीटर द्यावेत, एक आत जाणाऱ्या विजेसाठी आणि एक बाहेर येणाऱ्या विजेसाठी, आणि अर्ध्या तासाची नोंद ठेवायला सांगावे. त्याला १०० पैकी ६५ दिसतील. मग त्याने बेअरिंग बदलावे, पट्ट्याचा ताण नीट करावा, मोटर अधिक चांगली निवडावी. ६५ चे ६८ झाले, तर ही सुधारणा त्याला हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत नेता येईल. तिथे दहा अश्वशक्तीची मोटर दोन पाळ्यांत सोळा तास चालली की सुमारे १२० युनिट खाते. त्यातले तीन टक्के वाचले, तर रोजचे साडेतीन युनिट होतात, आणि एकेका कारखान्यात अशा मोटरी डझनांनी असतात.